सुमनबाईंच्या नावावरचं ऑपरेशन

“मॅडम, पिशवी बाईची एकदाच निघते,” इन्शुरन्स कंपनीचे डॉक्टर फोनवर म्हणाले. “तुमच्या पेशंटची आठ वर्षांपूर्वीच निघालीय. तुमच्याच हॉस्पिटलात.”

मी समोर पाहिलं. काऊंटरपलीकडच्या बाकावर सुमनबाई बसल्या होत्या. शेवगावकडच्या, पंचावन्नच्या आसपासच्या. मांडीवर बायोप्सीचा रिपोर्ट, रुमालात गुंडाळलेला. गर्भाशयाचा कॅन्सर, सुरुवातीचा. गर्भाशयाला आमच्याकडे सगळे पिशवीच म्हणतात. ती लवकर काढली तर बाई वाचेल, असं सर्जन म्हणाले होते.

“सर, सोनोग्राफी पाठवलीय. त्यात पिशवी दिसतेय की.”

“दिसतेय ना. म्हणजे आधीचा क्लेम खोटा. तसं लेखी द्या, मग बघू.”

मी फोन ठेवला. आधीच्या क्लेमवर सही माझी होती.

नगरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सरकारी योजनेच्या काऊंटरवर मी बसते. पेशंटचं कार्ड तपासायचं, कागद अपलोड करायचे आणि प्रीऑथ मागायचं. प्रीऑथ म्हणजे ऑपरेशनच्या आधीची परवानगी. सरकार कंपनीला हप्ता भरतं, कंपनी परवानगी देते, मग आमचे सर्जन हातात सुरी घेतात. पैसा लोकांचा आणि नाही म्हणायचा अधिकार कंपनीचा, हे मला कधीच पटलं नाही. मीटिंगमध्ये मी तसं तोंडावर बोलतेही. माझी जीभ तिखट आहे, असं सगळे म्हणतात. त्या दिवशी मात्र ती टाळ्याला चिकटली.

आठ वर्षांपूर्वी या दोघी जावा माझ्याकडे आल्या होत्या. सुमनबाई थोरल्या, अलका धाकटी. अलकाच्या अंगावरून कित्येक महिने रक्त जात होतं. चेहरा पांढराफटक, चालताना भिंतीचा आधार. माझ्यापुढे रेशनकार्ड मात्र ठेवलं सुमनबाईंचं, आणि पेशंटचं नावही तेच सांगितलं. सोबतच्या मतदार कार्डावरचा फोटो इतका पुसट, की त्यात मीसुद्धा खपले असते.

मी रीतसर विचारलं, “नवऱ्याचं नाव?”

अलकानं मान खाली घातली. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायला लाजतात, त्याची मला सवय आहे. पण ही लाजत नव्हती, घाबरली होती. तिनं शेजारी बसलेल्या सुमनबाईंकडे पाहिलं. त्यांनी ते नाव खाडकन सांगून टाकलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठ्या दिराला नवरा म्हणायला त्या पोरीची जीभच उचलत नव्हती.

मी हळू आवाजात विचारलं, “कार्ड कोणाचं आहे?”

“माजं हाय, म्याडम,” सुमनबाई म्हणाल्या. अगदी सरळ. “हिचं नाव अजून माहेरच्या कार्डावर हाय. तहसीलला खेटे घालून दमलो आमी. चूल एक हाय आमची. माजं कार्ड ते तिचंबी.”

लुगडं द्यावं, कढई द्यावी, तसं त्यांनी कार्ड दिलं होतं. मी अलकाकडे एकदा पाहिलं आणि सही केली. चूक होती, माहीत होतं. पण ती सही केल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. अलका बरी झाली. पुढे गाय व्याली की खरवसाचा डबा घेऊन यायची.

वाईट वाटतं ते नंतरच्याचं.

फोन झाल्यावर मी आमच्या ॲडमिनिस्ट्रेटर सरांकडे गेले. ते लष्करातून रिटायर झालेले, भिंगारला राहतात, दोन वाक्यांच्या पुढे बोलत नाहीत. मी सगळं सांगितलं.

“लेखी दिलंत तर हॉस्पिटल योजनेतून जाईल,” ते म्हणाले. “डायलिसिसच्या पेशंटना मग कुठे पाठवू?”

“आणि सुमनबाईंना कुठे पाठवू, सर?”

त्यांनी पुढची फाईल ओढली. मी बाहेर आले. बाहेर येऊन सुमनबाईंना म्हणाले, “सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे. होईल. तुमचं योजनेत बसतं.”

दुसऱ्या गावात नेऊनही उपयोग नव्हता, कॉम्प्युटर सगळीकडे तेच सांगणार होता. मी तेच कागद नव्यानं पाठवत राहिले. कधी सोनोग्राफी, कधी सर्जनचं पत्र. पलीकडे एखादा मऊ काळजाचा डॉक्टर बसेल आणि डोळेझाक करून मंजूर करेल, अशी माझी आशा. सुमनबाई दर सोमवारी एसटीनं यायच्या, पाण्याची बाटली बाकावर ठेवायच्या आणि विचारायच्या, “म्याडम, आलं का वरून?” मी म्हणायची, “येईल.” असे सात सोमवार गेले.

सातव्या सोमवारी अलका सोबत आली. काऊंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, “खरं सांगा म्याडम. माज्यामुळं आडलंय ना?”

मी सांगितलं. माझी सही, कंपनीचं म्हणणं, सगळं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, “पयल्या दिवशी का न्हाई सांगितलं? आमी डेरीवर गेलो असतो.”

त्यांच्या गावात बायकांची दूध सोसायटी आहे. लिटरमागे काही पैसे बाजूला ठेवून त्यांनी आरोग्य निधी उभा केलाय. मालक कोणी नाही, सगळ्या सभासदच. नियम एकच: जे सरकारी योजनेत बसतं, त्याला निधीतून द्यायचं नाही. नियम चांगला होता. मी ‘बसतं’ म्हणत होते, म्हणून त्या थांबल्या होत्या.

दोन दिवसांत सोसायटीच्या सेक्रेटरीबाई पत्र घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मी सवयीनं विचारलं, “पेशंटचं ओळखपत्र जोडलंय?”

“कशाला?” त्या म्हणाल्या. “सुमनबाईला आमी वळखतो की.”

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. पोट उघडल्यावर कळलं, आजार पिशवीच्या बाहेर पसरला होता. सर्जन मला म्हणाले, सात आठवड्यांनी एवढा फरक पडतोच असं नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले. नाही वाटलं.

सुमनबाई पाच महिन्यांनी आमच्याच वॉर्डात वारल्या. मृत्यूचा फॉर्म भरायला अलका आली. फॉर्म भरायची बाई जेवायला गेलेली, म्हणून तो माझ्या हातात आला. नाव, गाव, वय लिहून झालं. पुढचा रकाना आला आणि माझा पेन थांबला. पण विचारणं भाग होतं.

“नवऱ्याचं नाव?”

अलकानं मान वर केली. दिराचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं स्पष्ट सांगितलं. मग म्हणाली, “नीट लिवा म्याडम. ह्या खेपेला तिचं तिलाच लावा.”

मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, त्या दिवशी आलं नाही.

त्याच दुपारी मी आठ वर्षांपूर्वीच्या सहीची कबुली लिहून सरांना दिली. अलकाचं नाव घातलं नाही. त्यांनी ती वाचली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. अजून तिथेच असावी.

दूध सोसायटीचा निधी म्हणजे सगळ्यावर इलाज नव्हे. वर्षानुवर्षांचं डायलिसिस त्याला झेपणार नाही, तिथे सरकारचाच पैसा लागतो, आणि म्हणूनच मी अजून या काऊंटरवर बसते. फक्त एक बदललंय. बसत नसेल, तर मी पहिल्याच दिवशी ‘बसत नाही’ म्हणून सांगते. लोक चिडतात, शिव्याही देतात. पण उठून दुसरीकडे जातात, वेळेवर.