जपानहून मागवलेली नळी

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गुलमंडीच्या बाजारातल्या एका कापड दुकानात गादीवर बसून आयुष्यभर साड्या विकल्या. "या माय, टेका जरा," एवढं ते म्हणाले की रस्त्यानं जाणारी बाई चप्पल काढून आत यायची. मग घशाच्या कॅन्सरनं त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला श्वासापुरतं एक भोक राहिलं आणि उशाशी जुन्या कॅलेंडरच्या पानांचा गठ्ठा आला. पानांच्या कोऱ्या बाजूवर लिहून ते बोलायचे.

गळ्याला लावून बोलायचं बॅटरीचं यंत्र आणून पाहिलं. पण रेडिएशननं कातडी इतकी टणक झाली होती की नुसती घरघर ऐकू यायची. एक दिवस एका व्हिडिओत एक जपानी आजोबा दिसले. हातात साधी नळी, आत थरथरणारा रबराचा पडदा, तिचं एक टोक गळ्याच्या भोकावर, दुसरं तोंडात. श्वास सोडत ते चक्क गप्पा मारत होते. अण्णांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला आणि लिहिलं, "हे आण."

आण म्हणे! विकणारा जपानबाहेर काही पाठवत नव्हता. शोधता शोधता एक ऑनलाइन एजंट सापडला. वस्तू तो तिथं विकत घेणार, आपल्या गोदामात ठेवणार आणि मग इकडं पाठवणार. मी शाळेत विज्ञान शिकवते, स्वतःला फार हुशार समजते. सूचनांचं पान न वाचताच पैसे भरले. अण्णांनी देवापुढं साखर ठेवली.

आठवड्यानं मेल आला, वस्तू गोदामात पोहोचली. म्हटलं, आता निघेलच. अण्णांचा सरावही सुरू झाला. उसाच्या रसाची नळी तोंडात धरून ते ओठ हलवायचे. "या माय" एवढं मला ओठांवरून कळायचं.

बरेच दिवस गेले. "अण्णा, विचारू का त्यांना?" मी म्हटलं. त्यांनी डोळे वटारले आणि लिहिलं, "तगादा लावायचा नाय. माल निघाला की शेठ सांगावा धाडतो. लई इचारणाऱ्या गिऱ्हाइकाला कुनी इचारत नाय." गादीवरचा हा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता. मी ऐकलं. खरं सांगायचं तर इंग्रजीत पत्र लिहायचा मला कंटाळाही होता.

तिसऱ्या महिन्यात राहवलं नाही, मी विचारलं. तासाभरात उत्तर आलं, अगदी नम्र. गोदामातून माल पुढं पाठवायला मीच सांगायचं होतं आणि त्याचे पैसे वेगळे भरायचे होते. ठेवण्याची मुदत संपली, म्हणून नियमाप्रमाणे वस्तू नष्ट केली. हे सगळं त्या न वाचलेल्या पानावर होतं. त्या माणसाला बदडावंसं वाटलं. त्याचा काहीच दोष नव्हता, म्हणून जास्तच वाटलं.

"माझं चुकलं, अण्णा," मी म्हटलं. त्यांनी रसाची नळी धुतली आणि उशाखाली ठेवली.

दुसरी ऑर्डर मी रोज तगादा लावून मागवली. एजंट वैतागला असेल, वैतागू दे. नळी आली, पण तोवर आजार फुप्फुसात उतरला होता. त्या नळीला श्वासाचा जोर लागतो, एवढं विज्ञान मला येतं. तरी मी ती त्यांच्या हातात दिली, कारण न देणं मला जमलं नाही.

अण्णा उशीला टेकून बसले. नळी लावली, डोळे मिटले, जोर केला. काही आलं नाही. पुन्हा केला. मानेच्या शिरा ताठल्या आणि नुसती हवा सुटली. मी रडायला लागले तसे ते थांबले. पंच्याच्या टोकानं नळी पुसली, गिऱ्हाइकानं नापसंत केलेल्या साडीची घडी घालावी तशी नीट खोक्यात ठेवली. मग हातानं पान मागितलं. लिहायला त्यांना खूप वेळ लागला.

"माल चांगलाय. गिऱ्हाईकच उशिरा आलं."