श्रद्धांजलीचा नंबर

आमच्या जुन्नर-आंबेगावात माणूस मेला की त्याच्याविषयीची दयामाया दहाव्या दिवशी घाटावर जमते, आणि तिला माइक लागतो. माइक नसेल तर आमच्याकडे कुणाला हळहळ वाटत नाही. जिवंतपणी ज्याच्या ओट्यावर कुणी टेकलं नाही, त्याच्या दशक्रियेला नदीकाठी गाड्या लावायला जागा पुरत नाही. कावळा पिंडाला शिवला, प्रवचन उरकलं की भाषणं सुरू. एकेक जण उठतो, मयताचं नाव शेजाऱ्याला हळूच विचारून घेतो आणि ‘माझे अत्यंत जिव्हाळ्याचे’ म्हणून गळा काढतो.

दोन वर्षांपूर्वी माझे दाजी गेले. थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे यजमान. त्यांचं गाव घोडेगावच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. दाजी सहा महिने अंथरुणावर होते. त्या सहा महिन्यांत त्यांना बघायला नेमानं कोण आलं असेल तर शेजारची एक म्हातारी. मी आळेफाट्याला राहतो, दीड तासाचा रस्ता. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा परतीची गाडी चुकेल म्हणून चहाही घाईतच प्यालो.

दहाव्याला मात्र मांडव भरून माणसं बाहेर उभी. पहिला उठला तो पुढारी. त्यानं आपण मंजूर करून आणलेल्या रस्त्याविषयी वीस मिनिटं शोक केला. दुसऱ्यानं दाजींच्या आठवणीत एक झाड लावायचं जाहीर केलं; कुठं लावणार ते सांगितलं नाही. तिसऱ्यानं दाजींच्या गोठ्याचं आणि गाईंवरच्या मायेचं तोंड भरून कौतुक केलं. दाजींनी जन्मात गाय पाळली नव्हती. ते शिलाईकाम करायचे. पण मांडवात उलट दोघाचौघांनी माना डोलवल्या.

मी हे सगळं मनातल्या मनात नाक मुरडत ऐकत होतो, कारण माझा नंबर पाचवा होता. कुटुंबाच्या वतीनं मी बोलणार होतो. निवृत्त मास्तर माणूस, चार पानं लिहून आणली होती. या अडाण्यांना दाखवतो श्रद्धांजली कशाला म्हणतात ते, अशा तोऱ्यात बसलो होतो.

अक्का समोर बायकांत बसली होती. तिला साखरेचा आजार आहे. सकाळी सवयीनं तिनं इंजेक्शन घेतलं आणि विधी होईपर्यंत पाण्याशिवाय काही घेतलं नाही. कावळा शिवल्यावर कुणीतरी तिच्यापुढे पोह्यांची ताटली ठेवली, ती तिनं बाजूला सारली. मी ते पाहिलं. चार माणसं नवऱ्याविषयी बोलतायत आणि विधवा बाई खातेय, हे बरं दिसलं नसतं. मलाही ते योग्यच वाटलं. तिच्या कपाळावर घाम दिसला, तर मी म्हटलं, ऊन आहे.

चौथ्या वक्त्याचा सूर टिपेला गेला आणि माइक बंद पडला.

मी तणतणत साउंडवाल्याकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, मशीनमागे खुर्ची टाकून निवांत बसलेला.

“अहो, आणखी भाषणं राहिलीत! लाइट गेली का?”

“लाइट बिट काय गेली न्हाई. वायर मीच काढली,” तो म्हणाला. “तुमी त्या माउलीचं भाऊ ना? मग तिच्याकडं बगा की जरा. मगाधरनं हात कापाया लागल्यात तिचं. साखर उतरली असंल. माज्या आईला असंच व्हायचं.” आणि त्यानं चहाच्या टेबलावरून आणून ठेवलेली साखरेची वाटी माझ्या हातात कोंबली.

मी धावलो. अक्काला पेलाही धरवत नव्हता. चिमटीनं साखर तिच्या तोंडात सोडत, वर घोटघोट पाणी पाजत मी तिच्याजवळ बसलो. वर चौथा वक्ता माइकवर बोट आपटत ‘हॅलो, हॅलो’ करत होता. दहाएक मिनिटांनी तिची नजर थाऱ्यावर आली.

“अक्के, अगं इंजेक्शन घेतल्यावर खायला नको का? लोकांची कसली भीड धरलीस?” मी खेकसलो. घाबरलो की मला खेकसताच येतं.

“लोकांची न्हाई रं,” ती म्हणाली. “तू बोलायचा व्हतास ना. तू बोलताना माजं तोंड चाललेलं बरं दिसतं का? म्हणलं, भाऊ लई दिसांनी आलाय, त्याचं ऐकावं अन् मग खावं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळपासून ज्यांना मी नावं ठेवत होतो त्यांना निदान तिचा आजार ठाऊक नव्हता; मला होता.

तेवढ्यात वायर जोडली गेली आणि कुटुंबाच्या वतीनं बोलण्यासाठी माझं नाव पुकारलं. मी जागचा हललो नाही. पुन्हा पुकारलं. मला मान वर करवत नव्हती, आणि अक्का मला ढकलत होती, “ऊठ रं, जा. माणसं वाट बगत्यात.”