गाडीला पाणी ती पाजायची

तूर भरडायला पांढरकवड्याला गेलो, ते आम्ही नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम. होळी जवळ आली होती. तुरीचं पोतं मी डिकीत टाकलं. ती नेहमीसारखी बादली घेऊन बोनेटपाशी उभी होती. मी आत बसून हॉर्न मारला तर म्हणाली, “अवो, थांबा ना! रेल्वे सुटून राह्यली काय?”

दालमिलवर ती मशीनला खेटूनच बसली. आपली तूर दुसऱ्याच्या तुरीत मिसळते का, यावर तिची नजर. मिलवाला म्हणाला, “काकू, मी काय चोर हावो काय?” ती म्हणाली, “तू नाही रे बाबू, तुही मशीन चोर हाय. अर्धी दाळ पोटातच ठेवते.” निघताना तिने डाळीचा चुरा, चुनीसुद्धा सोडली नाही, सगळी बांधून घेतली. आमच्या दारात जनावर एकही उरलं नव्हतं. म्हटलं, “तुले कायले पाह्यजे चुनी?” म्हणाली, “समोरच्या बाईच्या बकऱ्यायले.” समोरची बाई म्हणजे आमच्या दारासमोर राहते ती. नवरा गेलेला, तोंडाने फटकळ. हिची जिवाची मैत्रीण.

वाटेत तिने खिडकीबाहेर हात काढला आणि मी ओरडलो, हात आत घे म्हणून. एवढंच. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही.

त्याच आठवड्यात अंगण झाडता झाडता ती खाली बसली. हात छातीवर. गाडी एका चावीत सुरू झाली. पांढरकवड्यापर्यंत ती माझ्या शेजारी बसून, बोलत आली. दाळ उन्हात टाकायची राहिली म्हणे. तिथून अँब्युलन्सने यवतमाळला नेलं. यवतमाळहून आणली ती मेलेली आणली.

पोरगी नागपूरला असते. तेरवी झाल्यावरही ती काही दिवस थांबली. रोज एकच बोलणं, “बाबा, चला माह्यासंग.” मी रोज एकच उत्तर दिलं, “गाडी हाय ना दारात. काही झालं तं अर्ध्या घंट्यात पांढरकवडा.”  आमच्या गावाला सांजेनंतर एसटी नाही. ऑटोवाला मनात आलं तर येतो. दारात गाडी होती म्हणून मी माझ्या घरात राहू शकत होतो. नागपूरच्या तिच्या चौथ्या मजल्यावर मी एकदा आठ दिवस राहिलो आहे. खिडकीतून खाली पाहिलं की मी मागे सरकायचो.

शेवटी तिलाही तिचं घर. तिला पांढरकवड्याच्या स्टँडवर सोडून मी परत निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं.

आमच्या फाट्याच्या अलीकडे सागवानाचं जंगल लागतं. त्यात वाघ आहे. ही ऐकलेली गोष्ट नाही, आमच्या गावच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिला. मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत बाया घोळक्याने जातात, डबे वाजवत जातात. एकटं कोणी जात नाही.

तिथेच गाडी मेली. आधी वास आला, जळक्या रबराचा. मग खटखट सुरू झाली. मग बोनेटमधून वाफ निघाली, एक दणका बसला आणि आवाज बंद. गाडी तशीच घरंगळत कडेला जाऊन उभी राहिली. चावी फिरवली, टक्क. परत फिरवली, टक्क.

उतरून पाहावं म्हणून दार उघडलं, एक पाय खाली टाकला आणि झाडीत काहीतरी वाजलं. सागाचं वाळकं पान पायाखाली आल्यावर वाजतं तसं. मी पाय आत घेतला, दार ओढलं आणि तोंडातून निघालं, “काच वर कर वं!”

शेजारची सीट रिकामी होती. तिच्या बाजूची काच खालीच होती. हँडल फिरवायला मला तिकडे वाकावं लागलं. हात पोचत नव्हता, गिअर बरगडीत रुतत होता. ती आता नाही हे मला तिथे समजलं. मसणात समजलं नव्हतं.

काचा लावल्यावर आत भट्टी झाली. मोबाईलला रेंज नाही. हॉर्न वाजवला तर वाघ येईल असं वाटे, नाही वाजवला तर माणूस येणार नाही असं वाटे. हात हॉर्नवर ठेवून मी दाबत नव्हतो. झाडीकडे पाहू नये म्हटलं तरी मान तिकडेच वळे. पिवळं गवत हललं की तेच वाटे. कपड्यात लघवी झाली. म्हाताऱ्या माणसाने लिहायची गोष्ट नाही ही, पण झाली ती झाली.

मग गव्हाच्या कापणीवरून परतणाऱ्या बायांची ट्रॉली आली. वरून एक बाई ओरडली, “बुढा झोपला काय वं गाडीत?” ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधला. बाया म्हणत होत्या, आजोबा, वर या, हवेत बसा. मी ओला होतो. म्हटलं, स्टिअरिंग कोण धरणार? आणि तसाच बसून ओढला गेलो.

दारात समोरची बाई उभीच होती. “काय भाऊजी, गाडीले ट्रॅक्टर जुपला काय?” म्हणाली. मग मी उतरलो आणि तिने माझी पँट पाहिली.  थोड्या वेळाने भाकर आणि बेसन झाकून ठेवून गेली.

दोन दिवसांनी गाडी तशीच ओढत पांढरकवड्याच्या गॅरेजला नेली. जंगल आलं तेव्हा मी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर नजर लावून बसलो. गॅरेजवाला जुन्या ओळखीचा आहे, तेरवीलाही आला होता. अर्धं हिंदी, अर्धं आपलं बोलतो. त्याने बोनेट उघडलं, खाली वाकला, वर आला.

“चाचा, इंजिन बैठ गया. पुरं जाम. रेडिएटर सुका हाय, थेंब नाही. याले तं लिकेज हाय, आजचं नाही, लय जुनं. रोज पानी कोन टाके?”

“ती टाके.”

“कोन ती?”

मी गाडीतल्या शेजारच्या सीटकडे पाहिलं. त्याला समजलं. कपड्याने हात पुसत राहिला.

आमच्या घरी बैल होते तेव्हा जुपायचं, हाकायचं काम माझं. पाणी पाजायचं तिचं. मी शेतातून येऊन जू उतरवलं की माझं काम संपलं, पुढे ती पाहायची. बैल थकले तेव्हा विकले आणि ही गाडी घेतली, दुसऱ्याची वापरलेली. कामं तशीच राहिली. कोणी बसून ठरवली नाहीत. हाकायचं मी, पाणी तिने. पोळ्याला बैलाच्या कपाळाला लावायची तसंच कुंकू दसऱ्याला बोनेटला लावायची. गाडी गळते हे तिला माहीत नसावं. गाडी पाणी पिते, एवढं तिला माहीत. बैल रोज प्यायचे, ही रोज पिते. त्यात नवऱ्याला सांगण्यासारखं काय? आणि मला विचारायचं कधी सुचलं नाही. ती गेल्यावर मी हाकतच राहिलो.

गॅरेजवाला म्हणाला, “दोन रस्ते हाय चाचा. दुसरं इंजिन टाकतो, जुनं पन चांगलं, मी बोलून ठेवलं. नाही तं एक गिऱ्हाईक हाय, अशा गाड्या घेऊन खोलते अन् पार्ट इकते. सोचून सांगा.”

पोरीला फोन केला. ती म्हणाली, “बरंच झालं बंद पडली. इंजिन-फिंजिन काही टाकू नका. रविवारी मी गाडी घेऊन येते, तुमचं सामान भरू.”

“माहं सामान म्हणजे काय कापसाचा गठ्ठा हाय काय, उचलला अन् टाकला?”

“मंग काय करान बाबा? आईसारखी कळ आली तं कोन नेईन तुम्हाले?”

मी फोन ठेवून दिला. ती बोलली तेच माझ्या पोटात होतं. दुपारी खाटेवर पडलो की ध्यान छातीकडे जाई. ढेकर अडला तरी वाटे, हेच ते. उठून अंगणात जाऊन बसायचो, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावं म्हणून. कोणी म्हणे, बुढा उन्हात काहून बसला? मी म्हणे, दाळ राखून राहिलो. दाळ केव्हाचीच डब्यात गेली होती.

गाडी नाही म्हणजे घर नाही, असा हिशोब मी मनात बांधला. म्हणून गॅरेजला जाऊन म्हटलं, “टाक इंजिन.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. चहा मागवला. चहाचा ग्लास मी दोन हातांनी धरला होता, हे त्याने पाहिलं असावं.

“टाकतो. पन पहले एक काम करा. माही गाडी घ्या, जंगलापर्यंत चक्कर मारू. मी बाजूले बसतो.”

“माही परीक्षा घेतं काय बे?”

“मी काय मास्तर हाव चाचा? मलेच हवा खायची हाय.”

गावातून गाडी बरोबर काढली. बैलगाडी, मोटरसायकल, रस्त्यातली कुत्री, सगळ्यांतून काढली. मी त्याला म्हटलंसुद्धा, “पाहा, हात बसला हाय अजून.” दुपारचं ऊन होतं. रस्त्यावर ट्रक जात होते, माणसं जात होती. भ्यायसारखं काही नव्हतं. पण सागाची पहिली झाडं दिसली आणि माझा पाय वर उठला. मी दाबतो तर तो दबत नाही.  मी रस्ता पाहत नव्हतो, समोरचा गरमीचा काटा पाहत होतो. आता वर जाईल, आता जाईल. कानात खटखट येत होती. गाडी चांगली होती, खटखट कुठून येणार? तरी येत होती.

मोठा हॉर्न वाजला. गॅरेजवाल्याने माझ्या हातावरून स्टिअरिंग ओढलं. एसटी अंगावरून गेल्यासारखी बाजूने गेली. तिच्या खिडकीतून कोणीतरी मला आईवरून शिवी दिली. मी रस्त्याच्या मधात होतो.

“बस चाचा. उतरा.”

मला उतरवत नव्हतं. बाहेर सागाचा पाला पडला होता. तोच फिरून आला, दार उघडलं, माझा हात धरून मला दुसऱ्या बाजूला नेलं. परत येताना गाडी त्यानेच चालवली. मग म्हणाला, “इंजिन तं मी टाकून देईन. पायाचं काय करू?”

मी म्हटलं, “बोलाव त्या गिऱ्हाइकाले.”

गिऱ्हाईक लगेच आला, तरणाताठा. टायरला लाथ मारली, दार दोनदा आपटलं. “आजोबा, गाडी हाय का कोंबड्याचं खुराडं?” म्हणाला. मी म्हटलं, “खुराडं असतं तं अंडी देल्ली असती, तुले कायले इकलं असतं?” गॅरेजवाला हसला. भाव त्यानेच केला, मी मधात पडलो नाही. गाडीच्या कप्प्यातून तिची सुपारीची डबी निघाली, ती खिशात टाकली. गाडी दोराने बांधून नेली तेव्हा मी पाठ करून उभा होतो.

एसटीने घरी आलो. जंगल लागलं तेव्हा डोळे मिटले, फाट्यावर कंडक्टरने हाक मारली तेव्हा उघडले. घरी येऊन पोरीला फोन केला.

“इकली.”

“हाव ना! मंग रविवारी येते मी.”

“ये. भेटाले ये. सामान न्याले येऊ नको.”

“बाबा, आता तं गाडी बी नाही! काही झालं तं?”

“पाहतो.”

काय पाहणार होतो ते मलाच माहीत नव्हतं. ती रडायला लागली तसं मीही लागलो. आम्ही दोघं फोनवर नुसते रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुतलं आणि पेचकस शोधून काढला. दाराशी पाट टाकून बसलो आणि आतल्या कडीचे स्क्रू काढायला लागलो. समोरची बाई बकऱ्या सोडत होती. ती आली.

“काय करून राह्यले भाऊजी?”

“कडी काढून राह्यलो.”

“काहून? चोरायची सोय करून राह्यले काय?”

“आत कडी लावून पडलो तं तुले दार तोडा लागन. तुह्यानं तुटन काय?”

 बकरी तिच्या पदराला तोंड लावत होती, तिने तिला एक चापट मारली.

“सकाळी दार लोटलेलं दिसलं तं हाक मारीन,” म्हणाली. “ओ द्याची.”

“देईन.”

“नाही देल्ली तं आत शिरीन बरं. मंग म्हणसान, बाई घरात काहून आली.”

“शिरजो. अन् पहले पोरीले फोन लावजो.”

ती गेली. शेवटचा स्क्रू गंजला होता. त्यावर तेल टाकलं, थांबलो, जोर लावला, निघाला. कडी हातात आली. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि एका बोटाने ढकलून पाहिलं. उघडलं. परत ओढलं, परत ढकललं. उघडलं.