उघड्या जोडाची गाडी

सुलतानपूरहून सकाळच्या एसटीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत एक जोडी कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि एक जुना दिवाळी अंक होता. घरी सांगितलं होतं की जुनी मोटारसायकल बघायला चाललोय. ते खरंच होतं. सत्तरीला टेकलेल्या निवृत्त शिक्षकाला मोटारसायकलवर अमरकंटकला, नर्मदेच्या उगमापर्यंत जायचंय, हे ऐकून घरचे आधी हसले, मग चिडले आणि शेवटी बोलेनासे झाले. नवी गाडी माझ्या पेन्शनीत बसत नव्हती. जुनी घ्यायची तर पारखणारा माणूस हवा, आणि असा एकच माणूस मला माहीत होता. धामणगाव बढेचे गफूर मिस्त्री. त्यांच्याविषयी मी त्या दिवाळी अंकात खोटं लिहिलं होतं. गाडी निवडण्याआधी ते त्यांना तोंडावर सांगायचं, एवढं ठरवून निघालो होतो.

मेहकर गेलं, चिखली गेलं. प्रत्येक स्टँडवर वाटे, उतरावं आणि परतीची गाडी धरावी. बुलढाण्याला चहा घेतला, तो अर्धा तसाच ठेवला. पुढे राजूर घाट लागला आणि मी खिडकीच्या गजाला घट्ट धरून बसलो.

पस्तीसेक वर्षांपूर्वी मी धामणगावच्या शाळेत होतो. वसंत माझा सहशिक्षक. आम्ही दोघांनी अमरकंटकची सफर ठरवली होती. माझी गाडी जड आणि रुबाबदार होती. गफूरभाई सांगत होते, लांबच्या रस्त्याला हलकी, साधी गाडी बरी. मी ऐकलं नाही. निघायच्या आठवडाभर आधी तिच्या चासीला, हँडलखालच्या मानेत, तडा सापडला. गफूरभाईंनी तो वेल्डिंगने जोडला. सुटी लागताच सुलतानपूरला घरी जाऊन सामान बांधलं, वसंतही तिथेच आला आणि पहिल्याच दिवशी, या घाटात उतारावर ब्रेक दाबताना, तीच मान तुटली. मी खरचटण्यावर सुटलो. वसंतचा पाय मांडीत मोडला. तो जन्मभर लंगडला आणि गेल्या वर्षी वारला. अपघातानंतरच्या दिवाळीत मी लिहिलं की मिस्त्रीचं वेल्डिंग कच्चं होतं. ते कच्चं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

धामणगावला उतरलो तेव्हा दुपार झाली होती. दुकान त्याच जागी, पण वेल्डिंगची मशीन नव्हती. पत्र्यावर नुसतं ‘पंक्चर’ लिहिलेलं. गफूरभाई घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होते.

“ओळखलं का, गफूरभाई?”

त्यांनी मान वर केली नाही. “आवाज ओळखला. मास्तर न? लय वर्सानं वाट चुकले.”

“एक गाडी पारखून हवी होती. अमरकंटकला जायचंय.”

“अजून पोचले नाई का तुमी?”

मला हसावं की नाही ते कळेना. त्यांनीच पुढे विचारलं, “या वयात काऊन (का) हाडं मोडाले जाऊन राह्यले? बशीनं जा ना.”

“गाडीनंच जायचंय.”

“माह्यं वेल्डिंग कच्चं. मंग माह्या नजरेचं काय पक्कं?”

बोलायची वेळ हीच होती. मी पिशवीतल्या अंकावर हात ठेवून नुसता उभा राहिलो. त्यांनी ट्यूब झटकली, हात पुसले.

“जळगाव जामोदले एकाजवळ दोन गाड्या हायेत. उद्या जाऊ. पाहून देतो. पन जोडकामाचं नाव काढू नोका. थे मी तवाच सोडलं.”

“का सोडलं?”

“हातावरचा भरोसा गेला.”

त्यांच्या घरी ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा असं ताट आलं. भाभी म्हणाल्या, “खा न मास्तर, लाजून काऊन राह्यले?” घास गिळताना मला पाणी प्यावं लागत होतं. त्या माउलीला वाटलं, ठेचा झोंबला. तिने गुळाचा खडा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याला बस बदलली. पूर्णेच्या पुलावर थंड वारा आत आला आणि समोर सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली. कपाशीच्या शेतांत वेचणीच्या बाया वाकलेल्या होत्या. बसमध्ये गफूरभाई थोडे मोकळे झाले.

“लांबच्या रस्त्याले गाडी कशी पाह्यजे, सांगू? जिचा पार्ट कोन्याही खेड्यात भेटते अन् जे कोन्याही मिस्तऱ्याले समजते. ताकद नोको. शंभर सीसी बस झाली. जंगलात बंद पडली त ढकलता आली पाह्यजे तुमाले.”

गाड्या विकणाऱ्याचं नाव राजूभाऊ. त्याच्या अंगणात एक मोठी, लाल, चकचकीत गाडी पुढे उभी होती. दुसरी मागे, बोरीखाली, धुळीने माखलेली. माझे डोळे लालवरच गेले. गफूरभाईंनी आधी तिच्या इंजिनवर तळवा ठेवला.

“गरम हाय. आमी येयाच्या आधीच तापवून ठेवली का बे?”

“सकाळी दूध आनाले नेली होती, चाचा.”

“दूध तुयाच गोठ्यात हाय.”

गोठ्यातली म्हैस आमच्याकडेच बघत होती. राजूभाऊ कसंनुसं हसला. गफूरभाईंनी दोन्ही चाकांना सुतळी लावून सरळ रेघ बघितली. मग टाकीखाली हात घातला, मानेवरून नख फिरवलं, थांबले. खिशातून किल्ली काढून रंग खरवडला. खालून वेल्डिंगची जाड शिवण उघडी पडली.

“कंपनीचाच रंग हाय थो,” राजूभाऊ म्हणाला.

“चूप.” मग माझ्याकडे वळले. “पाहा मास्तर. ज्यानं जोडलं त्याचा दोस नाई. ज्यानं झाकलं त्याचा हाय. जोड उघडा असला त केस (बारीक तडा) दिसते, मानूस थांबते. म्हनून मी कदी रंग मारला नाई.” “तुमच्या गाडीचा जोडबी उघडाच ठेवला होता. तरी तुटला. म्हंजे हातच कच्चा.”

“उघडा नव्हता,” मी म्हणालो.

“काय?”

“मी रंग मारला होता. निघायच्या आदल्या दिवशी. तुम्ही बजावलं होतं, दर थांब्याला जोड बघा, केस दिसला की पुढं जाऊ नका. पण उघडा जोड वसंतनं बघितला असता तर तो मागं बसलाच नसता.”

राजूभाऊ हळूच दोन पावलं मागे सरकला.

“कोनता रंग?” गफूरभाईंनी विचारलं.

“शाळेत फळ्याला द्यायचा काळा. उरलेला डबा मी घरी नेला होता. चमकत नव्हता म्हणून वरून इंजिन ऑइल चोळलं.”

“फळ्याचा?” त्यांनी किल्ली खिशात टाकली.

“अजून आहे,” मी म्हणालो. थांबलो असतो तर पुन्हा कधीच बोललो नसतो. “बुलढाण्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा त्या रंगात, जोडाच्या कडेला, एक रेघ दिसली होती. केसासारखी. मी मनाला सांगितलं, रंग वाळून तडकला असेल. वसंतला हाक मारली, चल, बस मागं. मान त्या रेघेवरच तुटली, तुमचा जोड शाबूत होता.”

गफूरभाई बोरीखाली जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. राजूभाऊची बायको पाण्याचे पेले घेऊन आली आणि तशीच दाराशी उभी राहिली. मग गफूरभाईंचा आवाज आला.

“पस्तीस वर्स मी थोच जोड झोपीत लावून राह्यलो, मास्तर. करंट कमी होता का? सळई ओली होती का?” ते वळले. “शिकले-सवरले मानसं तुमी!”

मी हात जोडले.

“थे माफी-बिफी मले मागू नोका. त्यातलं मले काई समजत नाई. जिथं छापलं, तिथंच हे छापून आना.”

“तो अंक कधीच बंद पडला.”

“मंग जे चालू असन त्याच्यात छापा. माह्यं नाव घालून.”

एवढं बोलून ते बोरीखालच्या धुळकट गाडीशी खाली बसले. इंजिन थंड होतं, मान साफ. तिसऱ्या किकला सुरू झाली. अर्धा तास त्यांनी तिचा आवाज ऐकला. “हेच,” एवढंच म्हणाले. भाव त्यांनीच केला. राजूभाऊ एकदाही अडला नाही.

धामणगावपर्यंत ते माझ्या मागे बसून आले. मी नको म्हणत होतो. वसंतनंतर मी कुणालाच मागे बसवलं नव्हतं. “चालवा,” ते म्हणाले. “मान मी पाह्यली हाय.” खड्डा आला की त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट व्हायचा आणि मी वेग कमी करायचो.

गावात पोचल्यावर त्यांनी गाडी शेजारच्या ग्रिलवाल्याच्या दुकानापुढे लावायला सांगितली. “सामान बांधाले कॅरिअर पाह्यजे,” म्हणाले आणि त्याच्या हातातला वेल्डिंगचा होल्डर घेतला. पहिला टाका तुटला. दुसरा वाकडा बसला, तो त्यांनी स्वतःच हातोडीने पाडला. ग्रिलवाला म्हणाला, “चाचा, मी करू का?” त्यांनी ऐकलंच नाही. तिसऱ्यांदा ठिणग्यांची सरळ रेघ धावली. काच बाजूला करून ते त्या जोडाकडे कितीतरी वेळ बघत बसले. ग्रिलवाल्याने रंगाचा डबा उचलला तसे ओरडले, “ठेव बे थे खाली!”

परतताना राजूर घाट चढलो. त्या वळणावर थांबायचं ठरवलं होतं. थांबलो नाही, हात हँडलवरून निघेना. बुलढाण्याला चहाच्या टपरीशी मात्र गाडी उभी केली आणि चहा सांगण्याआधी मानेवरून आणि कॅरिअरच्या जोडावरून नख फिरवलं. तसंच चिखलीला, तसंच मेहकरला.

आता गाडी सुलतानपूरला माझ्या अंगणात आहे. बायको रोज म्हणते, “त्या लोखंडाले रंग मारा नं, गंजून राह्यलं थे.” मी तेलाची चिंधी फिरवतो आणि जोड बघतो. थंडी सरली की अमरकंटकला निघेन. पिशवी कॅरिअरवर जाईल, मागची सीट रिकामी राहील. वसंतला हे ऐकवता आलं नाही, त्याला आता इलाज नाही. हा मजकूर ज्या दिवशी छापून येईल त्या दिवशी अंक घेऊन आधी धामणगावला जायचं आहे. त्यात हे स्पष्ट असावं म्हणून लिहितो : तो जोड धामणगाव बढेच्या गफूर मिस्त्रींनी लावला होता आणि तो पक्का होता. त्यावरचा काळा रंग माझा.