दोन धरल्या!

एसटी स्टँडात शिरली की तो तिच्या बाजूनं पळायचा. ती थांबायच्या आत खांद्यावरचा दुपट्टा खिडकीतून आत भिरकावायचा अन् सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल असं ओरडायचा, "धरल्या! दोन धरल्या!"

असे जागा धरणारे तुम्हीही पाहिले असतील. पण त्याच्यासारखा नसेल पाहिला. तो गाडीची पाटीच पाहत नव्हता. गाडी कुठं चालली, हे त्याला बसल्यावर कळायचं.

आम्ही दोघं बोरी अरबचे. दारव्ह्याला जिनात कापसाच्या गाठी उचलायला जायचो अन् संध्याकाळी परत यायचो. म्हणजे यायला निघायचो. कंडक्टर तिकिटाला आला की समजायचं, गाडी बोरीची नाही, नेरची आहे.

"लेका, पाटी वाचाले काय होते तुले?" मी खेकसायचो. "मी चौथी नापास, तू तं सातवी पास हाय ना बे!"

"पाटी वाचत बसलो तं जागा जाते. आधी बूड टेकव, गाव मंग पाहू."

उतरावं लागलं की त्यालाच वाईट वाटायचं. "काय मस्त खिडकीची जागा भेटली होती," म्हणत मागं वळून पाहायचा.

एकदा दुपट्टा धुवायला टाकलेला होता. यानं हातातली वांग्याची थैली फेकली. थैली सुटली. आम्ही चढून पाहतो तर एका बाईनं सगळी वांगी वेचून पदरात घेतलेली अन् स्वतः आमच्या जागेवर बसलेली. "वांगे तुमचे हाय, घेऊन जा," म्हणे. "जागा माही हाय."

यानं तिला हात जोडले. "बाई, तुमच्यासारखं माणूस माह्या जोडीले पाह्यजे होतं."

मग मी इतकी वर्षं कोण होतो?

एकदा तर चप्पल फेकली. गाडी थांबलीच नाही, तशीच निघून गेली. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीच्या कंडक्टरनं खिडकीतून चप्पल बाहेर काढली अन् विचारलं, "ही कोणाची सीट हाय बाप्पा?" हा एका पायात चप्पल घालून हजर होताच.

माझी बायको वारली तेव्हा लोक ओसरीवर भेटायला येत. त्यानं माझ्या बाजूला दुपट्टा टाकून ठेवला होता. कोणी बसायला गेलं की अंगावर जायचा, "उठा! धरेल हाय!" सरपंचालाही उठवलं. सगळे गेल्यावर तिथं स्वतः बसला. माझ्या वाटचा चहाही पिऊन टाकला. पण बसून राहिला, अंधार पडेपर्यंत.

मग तो पोरीकडे मोठ्या शहरात गेला. त्या शहराचं नाव लिहीत नाही. टीव्हीवर ते ऐकून ऐकून वहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, धसका बसला आहे. परत यायच्या दिवशी तिथल्या स्टँडवर अतिरेक्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. बरीच माणसं गेली. त्यात हा गेला.

जावई त्याला पोचवायला आला होता. तो पाण्याची बाटली आणायला गेला म्हणून वाचला. दुपट्टा त्यानंच आणून दिला. "मामाजींनी खिडकीतून दुपट्टा टाकला अन् दाराकडे वळले, तेवढ्यात झालं. काचा फुटल्या, पण दुपट्टा सीटवरच होता." मग खाली मान घालून म्हणाला, "ती आपली गाडी नव्हतीच. आपली पार त्या टोकाला उभी होती."

झालं. गावाला विषय भेटला. पानठेल्यावर तेच, पिठाच्या चक्कीवर तेच. "पाटी पाह्यली असती तं वाचला असता." वहिनीच्या कानावर गेलं अन् तिनं जेवणच सोडलं.

मी गेलो तर चुलीपुढे बसली होती. ताट तसंच.

"भाऊजी, खरं सांगा. त्याईचा येडेपणाच नडला काय?"

मला गोड बोलता येत नाही. "येडा तं होताच तो," मी म्हणालो. "पण येडेपणानं माणूस नेरले जाते वहिनी, मरत नाही. त्या गाडीत पाटी वाचून बसलेले लोकही मेले. त्याईचं काय चुकलं? अन् बॉम्ब ठेवणाऱ्यानं कोणाची पाटी पाह्यली?"

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग हळूच म्हणाली, "कुठली होती हो ती गाडी?"

"गोव्याची."

"गोव्याले जाऊन काय केलं असतं त्याईनं?"

"आधी बूड टेकवलं असतं."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. मग रडली. मग पुन्हा हसली, "गोवा, अव माय!" म्हणत. मीही हसलो. सुतकाच्या घरात आम्ही दोन म्हातारे खिदळत होतो. शेजारीण डोकावून गेली. तिला काय वाटलं ते वाटो. वहिनीनं अर्धी भाकर खाल्ली.

निघताना तिनं दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकला. "घरात ठेवला तं मले पाहावत नाही."

परवा दारव्ह्याच्या स्टँडावर होतो. गाडी शिरली. पळणं काही आता होत नाही, पण खिडकी समोरच आली. मी दुपट्टा भिरकावला. अन् तोंडातून आपोआप निघालं, "दोन धरल्या!"

कंडक्टर आला. "बाबा, दुसरं माणूस कुठं हाय?"

"नाही आलं."

"अन् तुमाले कुठं जायचं?"

"बोरीले."

"अवं बाबा, गाडी नेरची हाय! उतरा लवकर."

मी बाजूच्या सीटवरचा दुपट्टा सारखा केला.

"नेरचंच दे," मी म्हणालो. "खिडकीची जागा भेटली हाय."