कडुनिंबाच्या बुंध्यातले छिद्र

आधी कबुली देतो. आमच्या परसातला कडुनिंब मी मारला होता, आणि ही गोष्ट मी तीन वर्षे वडिलांपासून लपवली. दैवी संकेत वगैरेंवर माझा विश्वास तेव्हा नव्हता. या सदरातले अनुभवही मी थोड्या संशयानेच वाचत आलो आहे; म्हणून स्वतःचा लिहिताना संकोच वाटतो.

हैदराबादेत, बरकतपुऱ्यात आमचे घर. नव्वदीच्या दशकात नव्या कंपन्या आल्या, मला सिकंदराबादेत चांगल्या पगाराची नोकरी लागली आणि मी गाडी बुक केली. ती ठेवायला परसाखेरीज जागा नव्हती, आणि परसाच्या मधोमध कडुनिंब. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले माझे वडील, अण्णा, म्हणाले, "झाडाला हात लावायचा नाही. गाडी गल्लीत ठेव. तिला काय सर्दी होते?"

अण्णा परभणीला लग्नाला गेले असताना मी बुंध्याला भिंतीकडच्या बाजूने, कमरेच्या उंचीवर, गिरमिटाने वीतभर खोल छिद्र पाडले. आत हिंग ठासला, वरून मेण लावले. हिंगाने झाड मरते असे ऐकून होतो. पुढच्या उन्हाळ्यात ते वाळले.

पण त्याच वर्षी अण्णांनी बुंध्याभोवती सिमेंटचा कट्टा बांधून घेतला होता. "मुळं गुदमरली रे... बसायच्या हौसेपायी मीच मारलं त्याला," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले. त्या कट्ट्यावर ते पुन्हा कधी बसले नाहीत. वाळका बुंधाही काढू देईनात. गाडी गल्लीतच राहिली, आणि मी गप्प.

तीन वर्षांनी दाराच्या चौकटी दुरुस्त करायला करीमभाई नावाचे वयस्क सुतार आले. त्यांनी बुंध्यावर बोटांनी ठोकून पाहिले. "साब, इसको जलाने को नक्को देना. मैं कुछ तो भी बनातूं."

"गिलहरी बनाओ," अण्णा लगेच म्हणाले.

"लोगां शेर बनाते, हाथी बनाते... आप गिलहरी?"

"शेर कब आया हमारे घर को? गिलहरियां रोज आते थे."

कित्येक महिन्यांनी अण्णा हसले. मी मात्र बुंध्याच्या भिंतीकडच्या बाजूकडे पाहिले. साल निघाली की छिद्र दिसणार होते. मेणाचा तो ठिपका मी आदल्या आठवड्यातच सालीवर पाहिला होता.

चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, करीमभाई भिंतीकडच्या बाजूला आले. मी शेजारीच उभा होतो. साल गळून पडली... आत तांबूस, अखंड लाकूड. मी अंगठ्याने चाचपले, वर-खाली, पुन्हा पुन्हा. खारीच्या शेपटीसाठी त्यांची पटाशी तिथेच चार बोटे आत गेली. छिद्र नाही, डाग नाही, हिंगाचा वासही नाही.

"कीड़े का छेद तक नईं, साब. दिल साफ है इसका."

झाड जिवंत असताना जखम भरली म्हणावी, तर मेण शेवटपर्यंत दिसत होते. आणि मेलेले लाकूड भरून येत नाही. जागा चुकली म्हणावी, तर पुढच्या दिवसांत साऱ्या बुंध्याची साल माझ्या डोळ्यांदेखत निघाली. पुष्कळ विचार केला, जाणकारांना विचारले. उलगडा आजही झालेला नाही.

त्या क्षणी मला प्रथम सुटल्यासारखे वाटले, हे लपवत नाही. आता कुणालाही कधीच कळणार नव्हते. ज्याला मी मारले, त्यानेच मला पाठीशी घातले होते, एखाद्या मायाळू वडीलधाऱ्यासारखे.

एवढ्यात अण्णांनी उघड्या लाकडावर तळहात ठेवला. "बघ विनू, आतून किती निरोगी होता. माझाच कट्टा नडला त्याला..."

करीमभाईंनी हत्यार खाली ठेवले. मी अण्णांचा तो हात धरला.

"अण्णा, तुमच्या कट्ट्यानं काही झालं नाही. तुम्ही परभणीला गेलात तेव्हा मी इथे छिद्र पाडून हिंग भरला. गाडीसाठी. झाड मी मारलं, आणि तीन वर्षं तुम्हाला स्वतःला दोष देताना ऐकत राहिलो. चुकलं माझं, अण्णा. मला क्षमा करा."