कादंबरीतली नर्स आणि चोपड्याच्या अक्का

नव्वद-एक्क्याण्णव सालचा श्रावण असेल. चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याला जाणाऱ्या एसटीत मी बसलो होतो आणि तिकडे माझं काहीही काम नव्हतं. ऑफिसात किरकोळ रजा टाकून निव्वळ पाऊस बघायला निघालो होतो...

मे महिन्यात जळगावात भाजून निघालेल्या माणसाला श्रावणाचं कौतुक जरा जास्तच असतं. ऑफिसातले हसायचे. पाऊस इथेही पडतो, त्यासाठी तिकीट कशाला काढतोस, म्हणायचे. पण केळीच्या बागांवर पडणाऱ्या पावसाचा आवाज आमच्या ऑफिसच्या पत्र्यावर थोडाच येणार!

खिडकी नीट बंद होत नव्हती. अर्धा शर्ट भिजला होता आणि मी खुशीत होतो.

पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली माझी लाडकी कादंबरी होती. एका आडगावातल्या नर्सची गोष्ट. तिची चार पारायणं झाली होती. ती नर्स औषधांची पेटी डोक्यावर घेऊन छातीभर पुरातून एकटी पलीकडे चालत जाते, ते पान वाचताना दर वेळी डोळे भरून यायचे. अशी माणसं फक्त पुस्तकातच असतात, हे माझं तेव्हाचं ठाम मत...

शेवटच्या थांब्याचं गाव दीड-दोन किलोमीटरवर राहिलं आणि नाल्यापाशी गाडी थांबली. वर डोंगरात जोरदार पाऊस झाला होता. फरशीपूल पाण्याखाली गेला होता. ड्रायव्हर म्हणाला, तासभर बघू, नाहीतर गाडी मागे वळवू.

सगळे वैतागले. मी मात्र उतरून मजेत पाणी बघत उभा राहिलो. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

माझ्या शेजारच्या सीटवर तिशीतल्या एक बाई होत्या. त्यांच्या मांडीवरचा निळा डबा रस्ताभर माझ्या गुडघ्याला टोचत होता, म्हणून मी मनातल्या मनात चरफडत होतो. त्या पाण्याकडे बघतच नव्हत्या. दर पाच मिनिटांनी डब्याला हात लावून बघत होत्या.

विचारलं तेव्हा कळलं की त्या नर्स, आणि डब्यात लहान मुलांची लस. बर्फ फार तर संध्याकाळपर्यंत टिकणार. पलीकडे पाड्यांवरून बाया पोरांना काखेत मारून, दिवसाची मजुरी बुडवून खाली आल्या होत्या. आज त्या रिकाम्या हाताने परत गेल्या तर पुन्हा येतील याची खात्री नव्हती.

मला तर काय बोलू आणि काय नको असं झालं. माझी कादंबरीच माझ्या शेजारी बसून आली होती! मी उत्साहाने त्यांना तो पुराचा प्रसंग सांगितला. वर हेही सुचवलं, की आपण हातात हात धरून साखळी केली तर चालत जाता येईल...

शेजारच्या केळीच्या बागेतले एक म्हातारे नाना हे ऐकत होते. डोंगराचं पाणी आहे, खालून दगड घेऊन येतं, पाय टिकत नाही, असं त्यांनी मला समजावलं. मग शांतपणे म्हणाले, "ज्यानी लिखं, त्यानी हाऊ नाला देखेल नही."

लिहिणाऱ्याने हा नाला पाहिलेलाच नव्हता, आणि मी त्याच्या भरवशावर साखळी करायला निघालो होतो!

नानांनी वाऱ्याने पडलेले केळीचे सात-आठ खांब तोडून आणवले. केळीचा खांब पाण्यात बुडत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. आडव्या काठ्या टाकून, दोराने आवळून त्यांनी तराफा केला. खालच्या अंगाला, जिथे नाला पसरून संथ होतो, तिथे नेला. बागेतले दोन मजूर दोर घेऊन पोहत पलीकडे गेले.

नर्सबाईंना पोहता येत नव्हतं. भीती वाटते, असं त्या सरळ बोलून गेल्या.  तरी त्यांनी पदर खोचला आणि डबा पोटाशी बांधून घेतला.

तराफ्यावर बसण्याआधी त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमच्या त्या पुस्तकातल्या बाईला लेकरू आहे का?"

म्हटलं, हो, एक लहान मुलगी आहे.

"मग ही पुरात जाते तेव्हा ती कोणापाशी असते?"

 पहिल्या प्रकरणात ती मुलगी होती. मग थेट शेवटच्या पानावर आईला बिलगायला येते. मधली अडीचशे पानं ती कुठे होती, काय जेवत होती, हे लेखकाने लिहिलं नव्हतं आणि चार वेळा वाचूनही मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

नर्सबाईंनी मला चोपड्यातला एक पत्ता सांगितला. माझी मुलगी शेजारच्या अक्कांकडे आहे, आज मला परतता येणार नाही एवढा निरोप द्या, म्हणाल्या. मग त्या बसल्या. पलीकडच्यांनी दोर ओढला. तराफा मध्यावर एकदा गर्रकन फिरला, तेव्हा मी डोळेच मिटून घेतले...

उघडले तेव्हा वाट बघून नाल्यापर्यंत आलेल्या पलीकडच्या बाया त्यांचा हात धरून त्यांना वर घेत होत्या. डबा कोरडा होता.

गाडी मागे वळली. चोपड्यात धो धो पाऊस होता. पत्ता शोधत गेलो. दारात साठीच्या अक्का, त्यांच्या मागे चार-पाच वर्षांची मुलगी. आता ही रडणार, या धास्तीने मी अडखळत निरोप सांगितला.

मुलगी आत खेळायला निघून गेली. अक्कांनी मला पुसायला टॉवेल दिला आणि म्हणाल्या, "पानी पडनं म्हंजे पोर आठेच. मी तिनं आंथरून सकायलेच टाकेल शे." म्हणजे पाऊस पडला की पोर इथेच राहायची, आणि तिचं अंथरूण त्यांनी सकाळीच घालून ठेवलं होतं.

ती कादंबरी अजूनही माझ्याकडे आहे, अजूनही आवडते. पण पुराचं ते पान आलं की मला नर्सबाई दिसतात, आणि त्यांच्या मागे, कुठल्याच पानावर नसलेल्या अक्का. दोघींनाही मनापासून नमस्कार...